नेबर अप, रूट हजर, तरी शाखा गायब: रूट टार्गेटचा पुन्हा पुन्हा होणारा घोळ

फोन चालतात, पण सॉफ्टवेअर उघडत नाही. डीएनएसला नाव विचारलं तर उत्तर लगेच येतं. शेजारच्या शाखेतून पिंग होतं. मुख्य कार्यालयातून मात्र त्या शाखेतले संगणक अजिबात दिसत नाहीत. ही चार लक्षणं एकत्र आली की मी आता फायरवॉल उघडत नाही आणि सर्व्हरवाल्यांना झोपेतून उठवतही नाही. आधी त्या शाखेच्या रूटवर (तिच्याकडे जाणाऱ्या मार्गाच्या नोंदीवर) रूट टार्गेट, म्हणजे तो मार्ग कुणी घ्यायचा हे सांगणारी खूण, कोणतं आहे ते बघतो. हा घोळ आमच्याकडे सात-आठ महिन्यांत तीनदा झाला. तिन्ही वेळा शाखा वेगळी होती, ड्यूटीवरचा माणूस वेगळा होता, कारण मात्र तेच. दुसऱ्या वेळी तर दुरुस्ती म्हणून जे केलं, ते मूळ बिघाडापेक्षा घातक होतं. एमपीएलएस व्हीपीएन (एकाच जाळ्यावर अनेक ग्राहकांची वेगवेगळी खाजगी जाळी) सांभाळणाऱ्या कुणाच्याही वाट्याला हे येऊ शकतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

कमांड आणि कॉन्फिग इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. एएस नंबर (स्वतंत्र जाळ्याचा ओळख क्रमांक) आणि राउटरचे पत्ते उदाहरणासाठी राखून ठेवलेल्या संचातले आहेत, शाखांचे पत्ते खाजगी आहेत.

रचना अशी. ग्राहक एक पतसंस्था. मुख्य कार्यालय नाशिकला, शाखा निफाड, येवला, मनमाड आणि आणखी बऱ्याच ठिकाणी. आमचा एएस ६४५०० धरू. पतसंस्थेच्या व्हीआरएफचा (राउटरमधल्या त्या ग्राहकाच्या वेगळ्या रूट टेबलाचा) आरडी, म्हणजे रूट डिस्टिंग्विशर, ६४५००:१०० आणि रूट टार्गेटही ६४५००:१००. शिवाय आमचा एक सामायिक सेवांचा व्हीआरएफ आहे. त्यात डीएनएस, घड्याळ जुळवणारा एनटीपी सर्व्हर आणि मॉनिटरिंग बसलेलं आहे. तो ६४५००:९०० इम्पोर्ट करतो आणि स्वतःचे रूट ६४५००:९०१ लावून एक्सपोर्ट करतो. शाखेतल्या ज्या सबनेटला (पत्त्यांच्या गटाला) डीएनएस हवा, त्या सबनेटच्या रूटवर १०० आणि ९०० अशी दोन्ही टार्गेट लागायला हवीत. हे काम एक्सपोर्ट मॅप (बाहेर जाणाऱ्या रूटवर टार्गेट लावणारा नियम) करतो.

एक्स्टेंडेड कम्युनिटी म्हणजे नक्की काय, हे दोन ओळींत सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बीजीपी म्हणजे राउटर एकमेकांना रूट सांगतात ती भाषा. तिची साधी कम्युनिटी (रूटला लावायची खूण) १९९६ च्या आरएफसी क्रमांक १९९७ मध्ये आली; आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे दस्तऐवज. ती ४ बाइटची असते. एक्स्टेंडेड कम्युनिटी ८ बाइटची, अॅट्रिब्यूट क्रमांक १६. तिचं आरएफसी ४३६० फेब्रुवारी २००६ मध्ये निघालं. सांगली, टॅपन आणि रेख्टर हे तिचे लेखक. पहिलं आडनाव वाचून आपल्याकडचा प्रत्येक जण क्षणभर थांबतो, मीही थांबलो होतो. या ८ बाइटपैकी पहिले २ प्रकार सांगतात आणि उरलेल्या ६ मध्ये किंमत असते. रूट टार्गेट हा त्यातला एक प्रकार, साइट ऑफ ओरिजिन हा दुसरा, ओएसपीएफ या दुसऱ्या राउटिंग पद्धतीचा डोमेन आयडी हा आणखी एक. रूट टार्गेट म्हणजे रूटच्या गळ्यात अडकवलेली चिठ्ठी. पलीकडचा पीई (ग्राहकाची लिंक जिथे जोडलेली असते तो आमच्या कडेचा राउटर) रूट कुठून आला हे न बघता चिठ्ठीवर काय लिहिलंय ते बघतो आणि ती आपल्या एखाद्या व्हीआरएफच्या इम्पोर्ट यादीत असेल तरच रूट ठेवून घेतो. नसेल तर टाकून देतो. न वापरलेला म्हणून टेबलात बाजूलाही ठेवत नाही. सिस्को कंपनीच्या आयओएस या राउटर सॉफ्टवेअरमध्ये ही चाळण मुळातच चालू असते, आणि म्हणूनच पलीकडच्या पीईवर शोधाशोध केली की हाती काही लागत नाही.

पहिल्यांदा काय झालं

येवल्याची शाखा नवीन जागेत गेली, नवीन सबनेट मिळाला. सकाळी दहाच्या सुमारास शाखेतून फोन आला, "साहेब, नेट आहे, फोन लागतायत, पण आमचं सॉफ्टवेअर उघडतच नाही. काउंटरला लोक उभे आहेत." शाखेत दोन सबनेट होते: संगणकांचा १०.३१.७.०/२५ आणि आयपी फोनचा १०.३१.७.१२८/२६. फोन चालू म्हणजे लिंक चालू, बीजीपी चालू, एमपीएलएस चालू. मग सगळ्यांचं लक्ष नाशिकच्या सर्व्हरकडे गेलं. सर्व्हरवाल्यांनी सांगितलं, आमच्याकडे विनंती पोचतेय, आम्ही उत्तरही पाठवतोय. फायरवॉलचा लॉग स्वच्छ होता. मनमाडच्या शाखेतून येवल्याचा संगणक पिंग होत होता, त्यामुळे शाखेतलं वायरिंगही ठीक ठरलं.

या प्रत्येक खुणेमागे कारण होतं. येवला आणि मनमाड एकाच पीईवर, एकाच व्हीआरएफमध्ये आहेत. त्यांचं आपापसातलं बोलणं त्या राउटरच्या पोटातच होतं. तिथे रूट टार्गेटचा प्रश्नच येत नाही. चिठ्ठी वाचली जाते ती रूट दुसऱ्या पीईवर पोचल्यावर. म्हणून शेजारच्या शाखेतून केलेलं पिंग इथे कामाचं नाही. चाचणी नेहमी दुसऱ्या पीईवरच्या ठिकाणाहून करायची. विनंती नाशिकला पोचत होती, कारण येवल्याच्या पीईकडे नाशिकचे रूट नीट होते. इम्पोर्टला कुणी हात लावलेलाच नव्हता. उत्तर मात्र नाशिकच्या पीईवर येऊन अडकत होतं, कारण १०.३१.७.०/२५ हा रूट तिथे नव्हता.

नाशिकच्या पीईवर शो आयपी रूट व्हीआरएफ केलं. रूट नाही. येवल्याच्या पीईवर केलं. रूट आहे. मग रूट रिफ्लेक्टरवर (सगळ्या पीईंचे रूट घेऊन इतरांना वाटणाऱ्या राउटरवर) गेलो, आणि तिथे आम्ही तासभर फसलो. आउटपुटची पहिली ओळ अशी होती:

बीजीपी राउटिंग टेबल एंट्री फॉर ६४५००:१००:१०.३१.७.०/२५

सहकारी म्हणाला, "हे बघ ना, ६४५००:१०० लागलेलं आहे की." मलाही ते पटलं. रिफ्लेक्टरवर रूट आहे, टार्गेट बरोबर आहे, नाशिकचा पीई घेत नाही, म्हणजे नाशिकच्या राउटरच्या सॉफ्टवेअरमध्ये बग. टॅक केस (राउटर कंपनीकडे तक्रार) उघडायची तयारी सुरू झाली. पण त्या ओळीतला ६४५००:१०० हा रूट टार्गेट नव्हताच, तो रूट डिस्टिंग्विशर होता. आरडीचं काम एवढंच की दोन ग्राहकांनी एकच १०.०.०.० वापरला तरी बीजीपीच्या टेबलात ते दोन वेगळे रूट दिसावेत. कुणी घ्यायचा, कुणी नाही, याच्याशी आरडीचा काही संबंध नाही. टार्गेट त्याच आउटपुटमध्ये सात-आठ ओळी खाली होतं (आरटी म्हणजे रूट टार्गेट):

एक्स्टेंडेड कम्युनिटी: आरटी:६४५००:९००

एवढंच. १०० कुठेच नाही. फोनच्या सबनेटवर मात्र १०० व्यवस्थित होतं.

मग येवल्याच्या पीईवरचं कॉन्फिग उघडलं.

व्हीआरएफ डेफिनिशन पतसंस्था
आरडी ६४५००:१००
अॅड्रेस-फॅमिली आयपीव्ही४
एक्सपोर्ट मॅप सेवा-टॅग
रूट-टार्गेट एक्सपोर्ट ६४५००:१००
रूट-टार्गेट इम्पोर्ट ६४५००:१००
रूट-टार्गेट इम्पोर्ट ६४५००:९०१

रूट-मॅप सेवा-टॅग परमिट १०
मॅच आयपी अॅड्रेस प्रीफिक्स-लिस्ट मनमाड-संगणक
सेट एक्स्टकम्युनिटी आरटी ६४५००:९०० अॅडिटिव्ह

रूट-मॅप सेवा-टॅग परमिट २०
मॅच आयपी अॅड्रेस प्रीफिक्स-लिस्ट येवला-संगणक
सेट एक्स्टकम्युनिटी आरटी ६४५००:९००

मनमाडच्या ओळीत शेवटी अॅडिटिव्ह आहे, येवल्याच्या ओळीत नाही. तो शब्द असेल तर व्हीआरएफने आधी लावलेल्या १०० शेजारी ९०० लागतं. नसेल तर १०० पुसलं जातं आणि फक्त ९०० उरतं. राउटर चूक दाखवत नाही, लॉगमध्ये ओळ येत नाही, सेशन हलत नाही. ९०० मुळे सेवांच्या व्हीआरएफला रूट मिळतो, म्हणून डीएनएस चालतो. फोनचा सबनेट मॅपमधल्या कुठल्याच प्रीफिक्स-लिस्टमध्ये (पत्त्यांच्या यादीत) बसत नाही, म्हणून त्याचं १०० शाबूत राहतं. आयओएसमध्ये एक्सपोर्ट मॅप रूट गाळत नाही, फक्त चिठ्ठी बदलतो. जो रूट मॅपमध्ये बसला नाही तो व्हीआरएफचं मूळ टार्गेट घेऊन निघतो. चारही लक्षणांचा उलगडा एका शब्दात झाला.

तो शब्द घातला, रिफ्लेक्टरवर १०० आणि ९०० दोन्ही दिसेपर्यंत थांबलो, शाखेला फोन केला. सॉफ्टवेअर उघडलं होतं. टिकेट बंद झालं. आमची खरी चूक इथे झाली. कॉन्फिग दुरुस्त केलं, पण ती ओळ ज्या नोटपॅड फाइलमधून चिकटवली होती ती फाइल दुरुस्त केली नाही.

दुसरी वेळ, आणि ती दुरुस्ती

तीनेक महिन्यांनी निफाड. रात्रपाळीला दुसरा इंजिनियर. त्याने अभ्यासू माणसासारखं नाशिकच्या पीईवर व्हीपीएनव्ही४ अपडेटचं (व्हीपीएनचे रूट येतानाचं) डीबग लावलं आणि राउटरला पुन्हा रूट मागायला लावले. डीबगमध्ये निफाडच्या रूटसमोर ही ओळ आली:

डिनाइड ड्यू टू: एक्स्टेंडेड कम्युनिटी नॉट सपोर्टेड

या ओळीने आजवर किती जणांना चकवलं असेल! वाचणाऱ्याला वाटतं, राउटरला एक्स्टेंडेड कम्युनिटी कळत नाही, सॉफ्टवेअर जुनं आहे किंवा क्षमता जुळलेली नाही. अर्थ फार साधा आहे: या रूटवरचं टार्गेट माझ्या एकाही व्हीआरएफच्या इम्पोर्ट यादीत नाही, म्हणून मी तो टाकून दिला. आमच्या माणसाला हा अर्थ ठाऊक होता. त्याने रूटवर ९०० आहे हे बघितलं आणि नाशिकच्या व्हीआरएफमध्ये एक ओळ घातली: रूट-टार्गेट इम्पोर्ट ६४५००:९००. निफाड लगेच चालू झालं. पहाटे दोन वाजता टिकेट बंद.

९०० हे टार्गेट फक्त पतसंस्थेचं नाही. सामायिक सेवा वापरणाऱ्या प्रत्येक ग्राहकाच्या संगणक-सबनेटवर ते लागतं. त्या एका ओळीने बाकी सगळ्या ग्राहकांचे रूट पतसंस्थेच्या नाशिकच्या टेबलात येऊन बसले. परतीचा रस्ता त्या ग्राहकांकडे नव्हता, म्हणून पूर्ण संभाषण होऊ शकलं नाही, पण एका दिशेने पॅकेट जाऊ शकत होती. एका ग्राहकाचा पॅकेट दुसऱ्याच्या दारात जाणं ही व्हीपीएन विकणाऱ्यासाठी सर्वात गंभीर गोष्ट आहे. आम्हाला ते कळलं आठवड्याने, तेही नाशिकच्या टेबलात रूटची संख्या अचानक फुगलेली दिसली म्हणून. या काळात कुणाचाच डेटा कुणाकडे उतरला नाही याची खात्री करायला आम्हाला त्या सगळ्या सबनेटचे लॉग एकेक करून तपासावे लागले.

म्हणून हे ठासून सांगतो. हरवलेला रूट परत मिळवण्यासाठी इम्पोर्ट यादी वाढवू नका. आधी विचारा, या रूटवर कोणती चिठ्ठी असायला हवी होती. ती नसेल तर दोष पाठवणाऱ्याकडे आहे आणि दुरुस्तीही तिथेच व्हायला हवी. घेणाऱ्याकडे इम्पोर्ट वाढवून लक्षण तेवढं झाकलं जातं. पाचच मिनिटांत काम होतं म्हणून रात्री दोन वाजता हाच मोह होतो.

डीबगबद्दल एक काळजी. भरलेल्या पीईवर व्हीपीएनव्ही४ अपडेटचं डीबग अॅक्सेस-लिस्ट न लावता चालू करू नका. रूट रिफ्रेश मागितला की हजारो ओळी येतात आणि राउटरचा सीपीयू त्यातच गुंततो.

शोध कुठून सुरू करावा

आता आमचा क्रम ठरलेला आहे. रूट जिथे जन्मतो त्या पीईपासून सुरुवात, मग रिफ्लेक्टर, मग घेणारा पीई. तिन्ही ठिकाणी एकाच प्रीफिक्सचं पूर्ण आउटपुट काढायचं आणि फक्त एक्स्टेंडेड कम्युनिटीची ओळ वाचायची. पहिल्या ओळीतला आरडी बोटाने झाकला तरी चालेल.

पाठवणाऱ्या पीईवरच चिठ्ठी चुकलेली असेल, तर एक्सपोर्ट मॅप किंवा व्हीआरएफची व्याख्या बघायची. तिथे बरोबर आणि रिफ्लेक्टरवर चुकलेली किंवा नाहीशी, तर मधल्या नेबरवर (बीजीपीने जोडलेल्या राउटरवर) लावलेला रूट-मॅप किंवा सेंड-कम्युनिटी, म्हणजे कम्युनिटी पुढे पाठवायला सांगणारी ओळ. रिफ्लेक्टरवर बरोबर आणि पलीकडे रूटच नाही, तर घेणाऱ्याची इम्पोर्ट यादी, किंवा रिफ्लेक्टर त्याला तो रूट देतच नसल्याची शक्यता. आरएफसी ४६८४ मधली रूट टार्गेट कन्स्ट्रेंटची सोय चालू असेल तर पीई स्वतः कळवतो की मला अमुक टार्गेटचेच रूट हवेत, आणि रिफ्लेक्टर बाकीचे पाठवत नाही. ती सोय अर्ध्या राउटरवर चालू आणि अर्ध्यांवर बंद असली की गोंधळ वाढतो.

बदल केल्यावर सेशन पाडून पुन्हा उभं करण्याची गरज नसते. रूट रिफ्रेशची सोय सप्टेंबर २००० च्या आरएफसी २९१८ पासून आहे. सॉफ्ट क्लिअर पुरतं. हार्ड क्लिअर केलं की त्या नेबरवरचे सगळे ग्राहक एकाच वेळी हलतात. शिवाय राउटर पुन्हा सगळं शिकत असताना कधीकधी बिघाड बरा झाल्यासारखा दिसतो आणि आपण चुकीच्या कारणावर शिक्का मारतो.

तोच घोळ, दुसऱ्या कंपनीच्या डब्यात

अॅडिटिव्ह हा शब्द सिस्कोच्या आयओएस-एक्सआरमध्येही आहे. तिथे तो रूट-पॉलिसीत लिहितात. ज्युनिपरच्या जुनॉसमध्ये कम्युनिटी अॅड आणि कम्युनिटी सेट अशी दोन क्रियापदं आहेत. सेट वापरलं तर रूटवरच्या साध्या कम्युनिटीसकट सगळ्या कम्युनिटी जातात आणि फक्त नवी उरते. शिवाय जुनॉसमध्ये व्हीआरएफ-एक्सपोर्ट पॉलिसी लावली की व्हीआरएफ-टार्गेटच्या ओळीचा एक्सपोर्टचा भाग बाजूला पडतो, टार्गेट त्या पॉलिसीतच अॅड करावं लागतं. आयओएसवर वाढलेला माणूस जुनॉसवर आला की हमखास इथे अडखळतो, कारण त्याला वाटतं मूळ टार्गेट तर लागणारच.

सेंड-कम्युनिटीचा नियमही प्रत्येकाचा वेगळा. आयओएसमध्ये व्हीपीएनव्ही४ नेबर अॅक्टिव्हेट केला की सेंड-कम्युनिटी एक्स्टेंडेड आपोआप लागतं. साध्या आयपीव्ही४ नेबरला मात्र ते हाताने द्यावं लागतं. नुसतं सेंड-कम्युनिटी लिहिलं तर फक्त साध्या कम्युनिटी जातात, दोन्ही हव्या असतील तर बोथ लिहायचं. सिस्कोच्या एनएक्स-ओएसमध्ये व्हीपीएनव्ही४ असो की ईव्हीपीएन (मॅक पत्ते बीजीपीने कळवणारी पद्धत), हाताने लिहिल्याशिवाय एक्स्टेंडेड कम्युनिटी जात नाही. डेटा सेंटरमध्ये नवीन लीफ स्विच (ज्याला सर्व्हर जोडतात तो) जोडला, नेबर अप आहे, आणि पलीकडे एकही मॅक पत्ता दिसत नाही, तर पहिला संशय या ओळीवर घ्यावा. आयओएस-एक्सआरमध्ये आयबीजीपीला (आपल्याच एएसमधल्या नेबरला) सगळं आपोआप जातं, पण साध्या आयपीव्ही४च्या ईबीजीपी (दुसऱ्या एएसमधल्या) नेबरला सेंड-एक्स्टेंडेड-कम्युनिटी-ईबीजीपी दिल्याशिवाय जात नाही. एफआरआर (मुक्त स्रोत राउटिंग सॉफ्टवेअर) आणि जुनॉस मुळातच पाठवतात. जुना राउटर काढून दुसऱ्या प्रकारचा बसवला आणि कॉन्फिग ओळीला ओळ जुळवलं, तरी चिठ्ठ्या गळू शकतात त्या या फरकामुळे.

ईव्हीपीएनमध्ये रूट टार्गेट ऑटो ठेवलं तर ते आपला एएस आणि व्हीएनआय (आभासी जाळ्याचा क्रमांक) जोडून तयार होतं. सगळे लीफ एकाच एएसमध्ये असतील तर ठीक. प्रत्येक लीफचा एएस वेगळा असेल तर एका बाजूला ६४५०१:१०१०० आणि दुसऱ्या बाजूला ६४५०२:१०१०० तयार होतं, आणि दोघं एकमेकांचे रूट टाकून देतात. अशा वेळी टार्गेट हाताने लिहिणं मला सगळ्यात सुरक्षित वाटतं. आणि मधल्या स्पाइनवर (सगळे लीफ जोडणाऱ्या स्विचवर) स्वतःचा एकही व्हीआरएफ नसतो, म्हणून तिथे रिटेन रूट-टार्गेट ऑल लागतं. नाहीतर स्पाइनच सगळं टाकून देतो. हीच गोष्ट दोन एएसच्या सीमेवरच्या एएसबीआर राउटरची: आयओएसमध्ये तिथे नो बीजीपी डिफॉल्ट रूट-टार्गेट फिल्टर द्यावं लागतं. रिफ्लेक्टर मात्र आपणहून सगळं ठेवतो, आणि त्या सवयीमुळे बाकी ठिकाणी ही ओळ विसरली जाते.

दिसायला सारखी, बाइटमध्ये वेगळी

तिसऱ्या वेळचा बिघाड पुन्हा अॅडिटिव्हचाच होता, त्यावर वेगळं लिहिण्यासारखं काही नाही. पण तो शोधताना एक शक्यता तपासली, ती सांगण्यासारखी आहे. ६४५००:१०० हे टार्गेट दोन पद्धतींनी लिहिता येतं. एएस २ बाइटचा धरला तर वायरवर ००-०२-एफबी-एफ४-००-००-००-६४ असं जातं. तोच एएस ४ बाइटचा म्हणून लिहिला, जे जुनॉसमध्ये आकड्यामागे एल लावून होतं, तर ०२-०२-००-००-एफबी-एफ४-००-६४ असं जातं. माणसाला दोन्ही ६४५००:१०० वाटतात, राउटरला ती दोन वेगळी टार्गेट आहेत. दोन कंपन्यांचे राउटर जोडताना चिठ्ठी अगदी बरोबर दिसते आणि तरी रूट घेतला जात नाही, तर बीजीपीच्या १७९ पोर्टवरचं कॅप्चर वायरशार्कमध्ये उघडून पहिले दोन बाइट बघा.

४ बाइटच्या एएसची आणखी एक अडचण आपल्याकडच्या छोट्या सेवा पुरवठादारांना रोज भेटते. एपनिक या आशिया-प्रशांतसाठी नंबर वाटणाऱ्या संस्थेच्या भागातले ४ बाइटचे नंबर १३१०७२ पासून सुरू होतात, आणि नव्याने नंबर घेणाऱ्याला आता बहुधा असा सहा आकडीच मिळतो. ८ बाइटपैकी २ प्रकाराला आणि ४ एएसला गेले की उरतात फक्त २. म्हणजे ग्राहकाचा क्रमांक ६५५३५ च्या वर नेता येत नाही. बिलिंगमधला सहा आकडी ग्राहक क्रमांक तसाच टार्गेटमध्ये वापरायचं ठरवलं असेल तर तो बसणार नाही. हे आधीच ठरवा, शंभर ग्राहक जोडून झाल्यावर बदलणं फार जड जातं.

साइट ऑफ ओरिजिन: चुकीची चिठ्ठी पुसण्याऐवजी अडवते

याच कुटुंबातला दुसरा नेहमीचा रुग्ण. एका शाखेला दोन लिंक असतात आणि दोन्ही टोकांना एकच एएस असल्यामुळे एएस-ओव्हरराइड (शाखेच्या एएसच्या जागी आपला एएस लिहिणं) लावलेलं असतं. तेव्हा शाखेचा स्वतःचाच रूट फिरून तिच्याकडे परत येऊ नये म्हणून साइट ऑफ ओरिजिन (एसओओ) ही चिठ्ठी लावतात. नियम सरळ आहे: रूटवर जी साइट लिहिली आहे तीच त्या सीई (ग्राहकाकडचा राउटर) नेबरलाही दिलेली असेल, तर रूट त्याला पाठवायचा नाही. आता कॉन्फिग कॉपी करताना दोन वेगळ्या शाखांना तीच किंमत गेली, तर त्या दोन शाखा एकमेकींना कधीच दिसत नाहीत, बाकी सगळ्यांना दिसतात. इथे रूट पीईवर हजर असतो, टार्गेट बरोबर असतं, फक्त सीईकडे जाहीर होत नाही. "सगळं चालतं, फक्त या दोन शाखांचं आपसात जमत नाही" असं वाक्य तक्रारीत आलं की एसओओच्या ओळी शेजारी शेजारी ठेवून वाचा.

एक्स्टकम्युनिटी-लिस्टमध्येही (एक्स्टेंडेड कम्युनिटी जुळवून बघायच्या यादीत) असाच एक खड्डा आहे. एक्सपांडेड प्रकारच्या लिस्टमध्ये आरटी:६४५००:१० असं लिहिलं आणि शेवट बांधला नाही, तर तो नमुना १००, १०१ आणि १०९९ लाही बसतो. शेवटी डॉलरचं चिन्ह हवं. स्टँडर्ड लिस्टमध्ये एका ओळीत दोन टार्गेट लिहिली तर दोन्ही रूटवर असावी लागतात, वेगळ्या ओळींत लिहिली तर कुठलंही एक पुरतं.

पुन्हा होऊ नये म्हणून आम्ही काय बदललं

नोटपॅडच्या फाइली बंद केल्या. त्या चार जणांकडे चार प्रतींत होत्या, आणि अॅडिटिव्ह नसलेली प्रत कुणाच्या तरी जुन्या मेलमध्ये जिवंत होती. आता एक्सपोर्ट मॅपची ओळ एकाच साच्यातून तयार होते, हाताने कुणी लिहीत नाही. साच्यात बदल करायचा तर दुसऱ्याने वाचल्याशिवाय तो पुढे जात नाही.

दुसरं, एक छोटी पायथॉन स्क्रिप्ट. ती रोज पहाटे रिफ्लेक्टरवर जाते आणि प्रत्येक ग्राहकाच्या आरडीखालच्या प्रत्येक प्रीफिक्सचं पूर्ण आउटपुट वाचते. नियम एकच तपासते: या आरडीच्या रूटवर त्या ग्राहकाचं स्वतःचं टार्गेट आहे ना. नसेल तर प्रीफिक्सचं नाव घेऊन मेल येतो. उलट दिशेने, कुठल्याही ग्राहकाच्या व्हीआरएफमध्ये ९०० इम्पोर्ट झालेलं दिसलं तरी मेल येतो. दुसऱ्या वेळच्या दुरुस्तीने आमची झोप उडवली होती, म्हणून ही दुसरी तपासणी मला पहिलीपेक्षा मोलाची वाटते.

तिसरं, आरडी आणि टार्गेट एकसारखे ठेवणं थांबवलं. नव्या व्हीआरएफला आता आरडी पीईच्या लूपबॅक (राउटरच्या स्वतःच्या कायमच्या) पत्त्यावरून देतो, उदाहरणार्थ १९२.०.२.११:१००. टार्गेट ६४५००:१००च राहतं. आउटपुटमध्ये दोन्ही वेगळे दिसतात, त्यामुळे एकाला दुसरं समजण्याची शक्यता उरत नाही. वर एक फायदा मिळतो: दोन पीईंना जोडलेल्या शाखेचे दोन्ही मार्ग रिफ्लेक्टरवर वेगळे रूट म्हणून टिकतात. आरडी एकच असता तर रिफ्लेक्टरने त्यातला एक निवडून दुसरा कुणाला दाखवलाच नसता. जुन्या व्हीआरएफचे आरडी मात्र घाईने बदलू नका. आरडी बदलला की त्या व्हीआरएफचे रूट उडून पुन्हा तयार होतात. ग्राहकाला आधी कळवून, ठरलेल्या वेळेत, एकेक पीई घेऊनच ते करावं. आम्ही अजून मनमाड आणि येवल्याच्या पीईपर्यंत पोचलोय, नाशिकचा पीई शेवटी ठेवलाय.